पुसलेलं यंत्र

३ फेब्रुवारी, मंगळ.

माघी आटोपली. वाटलं आता आठ दिवस तरी पाठ टेकता येईल. पण भाऊजींना रिकामा हात बघवत नाही. भाऊजी म्हणजे थोरले दीर आणि गणपतीच्या कारखान्याचे मालक, तेव्हा तक्रार करायची कुणाकडे? देवाकडे म्हणावं तर तेही सगळे त्यांच्याच कारखान्यात बसलेले.

नवीन काम गणपतीचं नाही. रोह्याचे टिपणीस सर गाडी करून आले, मांडीवर पत्र्याची पेटी. मी ओळखलं, माहेरच्या शाळेतले सर; त्यांनीही ओळखलं. "तू अष्टमीची नंदा ना? आठवीत सनावळ्या पाठ नसायच्या." पंचेचाळिशी उलटली तरी आमच्या सनावळ्या निघतातच.

सर रोह्यात घराच्या वरच्या मजल्यावर संग्रहालय काढतायत. जुने दिवे, मापं, रेडिओ. पाडव्याला उघडायचं. पेटीत दुसऱ्या महायुद्धातलं यंत्र आहे, निरोप गुप्त करून पाठवायचं. वडील युद्धात कारकून होते, त्यांच्या ट्रंकेत सापडलं. खरं यंत्र काचेत राहणार, मुलांना हाताळायला एक हुबेहूब फायबरचं हवंय.

जाताना म्हणाले, "झाकण मी कधी उघडलेलं नाही. तुम्हीच उघडा. मी नसताना."

नवल वाटलं. स्वतःची वस्तू, तीस वर्षं घरात.

५ फेब्रु., गुरु.

उघडलं. तेल सोडून, बिजागरीला रात्रभर कापूस बांधून. आत सहा चाकं एका रांगेत, कडेने इंग्रजी अक्षरं. पहिल्या चाकावर सव्वीस, मग कमी कमी होत शेवटच्यावर सतराच. प्रत्येक अक्षराखाली तांदळाच्या कणीएवढी पिन. काही पिना डावीकडे निघालेल्या, काही उजवीकडे. कशाला कशाचा मेळ नाही.

भाऊजींनी डोळे बारीक करून बघितलं. "ह्या उजवीकडच्या रबरात अडकतील गो. साचा फाटंल. सगळ्या एका बाजूला दाबून घे."

बरोबरच आहे. अडकणारा भाग आधी दाबायचा, नाहीतर भरायचा, मगच रबर ओतायचं. हे मला लग्नाच्या पहिल्या वर्षी शिकवलंय. आखणीची, म्हणजे मूर्तीचे डोळे आखायची, सुई उलटी धरून एकेक पिन दाबत गेले. गंजलेल्या, हट्टी. मोजल्या, एकशे एकतीस. पूर्ण दीड तास. अंगठ्याला फोड आलाय.

पण संपल्यावर रांग बघून इतकं बरं वाटलं! वाकडं काही बघवत नाही मला. हा रोगच आहे.

९ फेब्रु., सोम.

साचा अख्खा निघाला. भाऊजी खूश. फायबरचं यंत्र झालं, आता रंग. चाकांवरची अक्षरं लिहिताना डोळे आखतानाचाच श्वास धरावा लागतो. दोन चाकांवर V नंतर एकदम X, मधला W नाही. दोनदा तपासलं, खऱ्यातही नाही. तेही तसंच सोडलं, जीव कासावीस झाला.

ह्यांची सेकंड शिफ्ट. डोलवीच्या कंपनीतून आल्यावर बघून म्हणाले, "हा डबा कसला? जेवणाचा?" लढाईत जेवणच करत बसले असते म्हणावं!

१४ फेब्रु., शनि.

कुठून सुरुवात करू.

सकाळी मी आणि भाऊजी टेम्पोने रोह्याला गेलो, दोन्ही यंत्रं घेऊन. सरांकडे पुण्याची एक मुलगी आलेली, ऋतुजा. अशा यंत्रांवर अभ्यास करते, परदेशातली म्युझियमं फिरून आलीय. गोड आहे, फार बोलते.

तिने खऱ्या यंत्राचं झाकण उघडलं. सर खिडकीकडे तोंड करून उभे. ती म्हणाली, "सर, हे पुसलेलं आहे."

सर वळले. "म्हणजे?"

मग तिने समजावलं. मी सगळं ऐकलं, शब्द न् शब्द. रोज सकाळी पिना ठरवून डावी-उजवीकडे लावायच्या. तीच त्या दिवसाची किल्ली. तशीच्या तशी शत्रूला मिळाली तर तो त्या दिवसाचे सगळे निरोप वाचणार. म्हणून यंत्र सोडायची वेळ आली, की सगळ्या पिना एका बाजूला ढकलायच्या. त्याला पुसणं म्हणतात. "मी म्युझियममध्ये पाहिलेली सगळी अशीच पुसलेली आहेत. तुमच्या वडिलांनी नियम पाळला."

सर खुर्चीत बसले. म्हणाले, "बाबा मरेपर्यंत सांगायचे, मी पुसलं होतं, मी पुसलं होतं. आम्हाला वाटायचं, फडक्याने."

आणि रडायला लागले. सत्त्याहत्तर वर्षांचा माणूस, ज्यांच्या आवाजाने वर्ग गार पडायचा. मग उठून माझा हात धरला, फोड आलेलाच. "तू उघडलंस, नंदा. तुझ्या हाताला यश आहे."

मी भाऊजींकडे बघितलं. भाऊजी रेडिओकडे बघत होते.

परतीच्या वाटेला टेम्पो नागोठण्याला आला. मग भाऊजी म्हणाले, "काय बोलायचं नाय."

१५ फेब्रु., रवि.

ह्यांना सांगितलं. आधी हसले, मग हसायचे थांबले. "कुनाला म्हायती हाय? तू, मी, दादा."

"आणि वही."

"तू लिवतेस कशाला पन सगळं? ते पाच तारखेचं पान फाड."

फाडलं नाही. शब्द नीट वाचले मात्र. "रांग बघून इतकं बरं वाटलं!" त्या उद्गारचिन्हाची लाज वाटते.

१९ फेब्रु., गुरु.

अष्टमीला माहेरी गेले, आईचे गुडघे बघायला. निमित्त तेच. विचारलं, टिपणीस सरांचे वडील कसे होते गं?

आई कुळीथ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तो व्हय? यंत्रचोर."

"असं कोण म्हणायचं?"

"सगलीच. त्यानं साहेबाला सांगितलान, यंत्र पुसून नदीत टाकलंय. कुनी इस्वास नाय ठेवला. म्हनं दुश्मनाला इकाया लपवलान. नोकरी गेली, पेन्शन नाय. पुलावरून जायाचा तर पोरं वराडायची. आमीपन वराडलोय गो, लहान व्हतो."

मग हळूच म्हणाली, "वर बघायचा नाय कदी."

म्हणजे असं. नदीत टाकलं म्हणाला आणि ट्रंकेत निघालं. सरांना यंत्र सापडलं तेव्हा हेच कळलं असणार, की बाबा एक तरी खोटं बोलले. मग दुसरंही खोटं का? पिना लावलेल्या निघाल्या तर विकायलाच नेलं होतं, पुसलेल्या निघाल्या तर नुसता जीव जडला होता. म्हणून तीस वर्षं झाकण उघडलं नाही. 'पुसणं' या शब्दाचा अर्थ ऋतुजाने आत्ता सांगितला, पण आत काहीतरी निकाल आहे एवढं त्यांना माहीत होतं.

आणि निकाल मी लावला. आखणीच्या सुईने.

पिना वाकड्या होत्या. मी बघितल्यात. पुसलं नव्हतं त्यांनी.

२२ फेब्रु., रवि.

सरांना फोन लावला. ठरवून, देवापुढे दिवा लावून. "सर" एवढंच म्हणाले आणि त्यांनीच सुरू केलं. काल चुलतभाऊ घरी आला, चहा प्यायला. दोन्ही घरांत बोलणं बंद होतं, का तर सरांच्या बाबांमुळे चुलतभावाच्या बहिणीचं लग्न मोडलेलं. आला, यंत्र बघितलं, पिनांच्या रांगेवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, काकांची माफी मागायला हवी होती रे.

"तू काय म्हणत होतीस?"

म्हटलं, काही नाही, काच कुठून आणलीत?

काच! मला काचेशी काय करायचंय.

२६ फेब्रु., गुरु.

जेवणाच्या सुट्टीत भाऊजींना सांगितलं, मी रोह्याला जाऊन खरं सांगणार. वाटलं चिडतील. चिडले असते तर सोपं होतं. पाटावर बसूनच राहिले.

"दाब म्हनालो मी. तेव्हा चूक माझीपन हाय. उद्या लोक म्हनतील, पेणवाल्यांनी साच्यापायी वस्तू बिघडवली. ते मी सोसीन. पन सांगून बरं कोनाला वाटंल? त्याला?"

मी डबा झाकला.

"तुला वाटंल. तुझं वझं उतरंल, त्याच्या डोक्यावर बसंल. त्याला काय, बापाला परत चोर म्हनायचं?"

ह्या माणसाने आयुष्यात मला एकदा तरी मूर्खासारखं काही बोलावं, म्हणजे भांडता येईल.

 आखणीला बसले नाही, दागिन्यांना सोनेरी मारत बसले.

३ मार्च, मंगळ.

शिमगा. पुरणपोळ्या लाटताना ऋतुजाचा फोन. तिने काढलेले फोटो मोठे करून बघितले म्हणे. पिनांच्या टोकांना एका बाजूला गंज आहे, दुसरीकडे धातू चमकतोय. काही पिनांना ताजे ओरखडे.

"ताई, तुम्ही साफ केलं होतं ना?"

"हो, केलं होतं."

"साफ करताना पिना हलल्या नाहीत ना? आठवून सांगा."

हीच ती वेळ होती. कुणी दार उघडून उभं राहावं तशी ती मुलगी उभी होती. तव्यावर पोळी. आणि माझ्या तोंडून आलं, "नाही हो. वरवर पुसलं, फडक्याने."

फडक्याने म्हणाले मी!

ती म्हणाली, "बरं झालं. मला उगीच शंका आली." माझ्यावर विश्वास ठेवून तिने फोन ठेवला. पोळी करपली. आजपर्यंत मी फक्त गप्प होते. आजपासून खोटारडी.

८ मार्च, रवि.

सरांचा माणूस पाटी देऊन गेला. सागवानी, दोन फूट. यंत्राच्या काचेखाली लावायची. छापील नको, नंदाच्या हातची हवी म्हणे, बाबांना तिचाच हात लागलाय. मजकूर सरांच्या अक्षरात, मोतीबिंदूमुळे ओळी उतरत्या:

"कै. दत्ताराम टिपणीस यांनी युद्धात सांभाळलेले गुप्तलेखन यंत्र. यंत्र सोडताना त्यांनी नियमाप्रमाणे त्याच्या सर्व पिना पुसल्या होत्या."

दोन वाक्यं. पहिलं खरं आहे.

मी पंचवीस वर्षं देवाचे डोळे काढतेय. एक डोळा काढून दुसरा उद्यावर टाकत नाही, एका बैठकीत दोन्ही. अर्धं काम ठेवायची सवय नाही हाताला. पाटी भिंतीकडे तोंड करून ठेवलीय.

१२ मार्च, गुरु.

सकाळच्या गाडीने रोह्याला. कासू गेलं, नागोठणं गेलं, मनात वाक्य घोळवत बसले. सर, त्या पिना मी दाबल्या. सहा शब्दसुद्धा नाहीत. रोहा स्टेशनपर्यंत तोंडपाठ झालं. सनावळ्या अशा पाठ झाल्या असत्या तर.

सरांच्या डोळ्याचं ऑपरेशन परवा झालंय. काळा चष्मा लावून बसलेले. भिंतीवर नवा फोटो, जाकीट घातलेला किडकिडीत माणूस. "बाबा. इतकी वर्षं हा ट्रंकेतच होता. आईने लावू दिला नाही. आणि खरं सांगू, मलाही लावायचा नव्हता."

मग स्वतःहून सांगत गेले. बाबांच्या शेवटच्या आठ वर्षांत त्यांनी वडिलांशी कामापुरतंच बोलणं ठेवलं होतं. जेवायला चला, औषध घेतलं का, एवढंच. "एकदा रागाने विचारलं मी, नदीत टाकलंत तर ट्रंकेला कुलूप कशाला? त्यांनी उत्तर दिलं नाही. किल्ली माझ्यासमोर ठेवली आणि आत गेले. मी ती घेतली नाही, नंदा. घेतली असती तर त्यांच्या डोळ्यांदेखत कळलं असतं, खरं बोलत होते."

मी म्हटलं, "सर, एक सांगायचं होतं."

"सांग की."

काळ्या चष्म्यामागे डोळे दिसत नव्हते. फोटोतले मात्र दिसत होते.

म्हटलं, "रंग वाळायला दोन दिवस लागतील."

परतीच्या गाडीत समोरच्या बाईने विचारलं, "काय झालं गो, रडतेस?" म्हटलं, खिडकीतून धूळ गेली. आता खोटं बोलायला मला काही वेळ लागत नाही.

१५ मार्च, रवि.

आज एक गोष्ट डोक्यात आली आणि कुठे ठेवू कळत नाही.

मला दीड तास लागला होता. पंख्याखाली बसून, चहा पिऊन, सुई हातात. त्यांच्या वेळी गंज नसेल, बोटं सराईत असतील, तरी एकशे एकतीस पिना. आणि मागे शत्रू, आसामात होते म्हणे, तिथलं कुठलं तरी रान, सगळे पळतायत. कुणी तेवढा वेळ दिला असेल त्यांना? बसले असतील दोन-चार पिना ढकलत, कुणीतरी ओढलं असेल, चल.

मग काय केलं असेल? पुसून झालेलं नाही, टाकून जाता येत नाही. उचललं आणि पळाले. नदीत टाकायला निघाले असतील, सापडलीच नसेल नदी. नंतर साहेबासमोर कसं सांगणार, की न पुसलेलं यंत्र माझ्याच वळकटीत आहे? म्हणून म्हणाले पुसलं आणि टाकलं. एक खोटं झाकायला दुसरं. ते कसं होतं, मला आता पुरतं माहीत आहे.

तसंच असेल तर माणूस चोर नव्हता. उलट. न पुसलेलं यंत्र शत्रूच्या हाती लागू नये म्हणून जिवावर उदार होऊन घरापर्यंत आणलं. पुसलेल्या यंत्रापेक्षा हे मोठं आहे. सरांनी लिहिलंय त्याहून मोठी पाटी त्यांना मिळायला हवी.

पण हे सरांना सांगायचं तर आधी सांगावं लागेल, की पिना वाकड्या होत्या. आणि "असेल" वर कोण भरवसा ठेवील? पुरावा होता, तो मी सरळ केला. कुठली पिन कुठे होती, त्यातल्या चार ढकललेल्या होत्या का, आठवून आठवून डोकं फुटायची वेळ आली. चाक डोळ्यांपुढे येतं ते सगळं एका रांगेतलंच.

ह्यांना सांगितलं. म्हणाले, "तुला असं वाटावंसं वाटतंय, म्हनून वाटतंय." तेही खरं असेल.

१७ मार्च, मंगळ.

पाटीचं पहिलं वाक्य लिहून झालं. अक्षर चांगलं आलंय, मुद्दाम वाईट काढायला गेले तरी येत नाही. दुसऱ्याची जागा आखून ठेवलीय, नुसत्या पेन्सिलच्या रेघा.

भाऊजी येऊन बघून गेले.  नवा ब्रश आणून ठेवला.

१८ मार्च, बुध.

उद्या पाडवा. टेम्पो सकाळी सातला सुटणार, उद्घाटन दहाला. ऋतुजाही येतेय.

दुपारी चारला सरांना फोन लावला. देवापुढे दिवा वगैरे काही नाही, रंगाचे हात तसेच. म्हटलं, "सर, पाटीची शेवटची ओळ राहिलीय. लिहायच्या आधी तुम्हाला एक सांगायचंय. त्या पिनांबद्दल."

  त्यांच्या मागे कुणीतरी तोरण बांधत होतं, "जरा वर, जरा वर" चाललेलं.

म्हटलं, "सर?"

"ऋतुजाने मला फोटो दाखवले, नंदा. गेल्या आठवड्यात." आवाज अगदी सावकाश. "मी तिला म्हटलं, राहू दे."

मी तिथेच पोत्यावर बसले.

"सर, पण त्या—"

"आज नको." मग आठवीच्या वर्गात कधी ऐकला नव्हता अशा आवाजात म्हणाले, "उद्या सगळं रोहं येणार आहे बाबांना बघायला. एवढा एक पाडवा होऊ दे. मग सांग. मी ऐकेन."

"आणि पाटी?"

 "तुझा हात आहे. तू बघ."

फोन ठेवला त्यांनी.

साडेपाच झालेत. उजेड आहे अजून तासभर. पांढरा रंग कालवून समोर घेतलाय, त्यावर साय धरायला लागलीय. पेन्सिलच्या रेघांवर "यंत्र सोडताना त्यांनी" एवढं लिहिलं. सरांच्या कागदावर पुढचा शब्द आहे 'नियमाप्रमाणे'. माझा शब्द…